नऊ दिवसांचा दात

"तोंड बंद करा आता, ताई."

"का? मघाशी तर उघडा म्हणालात."

"तपासायला उघडा म्हणालो होतो. भांडायला नाही."

"एकच तोंड आहे मला, डॉक्टर. दोन्ही कामं त्याच्यातच उरकते."

खुर्ची अजून आडवीच होती. बाई तिच्यात उताण्या, गळ्याखाली निळा कागदी रुमाल, डोळ्यांवर दिव्याचा झोत. आणि अशा अवस्थेतही भांडणात वरचढ त्याच. डॉक्टर हातातला आरसा खाली ठेवायचं विसरले होते. शेजारच्या स्टीलच्या ताटलीत, कापसावर, बोटाच्या पेरापेक्षाही छोटा असा राखाडी स्क्रू पडला होता. चार महिन्यांपूर्वी तो बाईंच्या खालच्या जबड्यात, डाव्या दाढेच्या जागी बसवला होता. आज डॉक्टरांनी आरशाच्या दांडीने त्यावर टकटक केलं, तर ठण् वाजायच्या ऐवजी ढब् वाजला. दोन फेरे उलटे फिरवले आणि तो सरळ हातात आला. ओल्या मातीतून खुंटी यावी तसा.

"यात कुणाचाच दोष नाही," डॉक्टर म्हणाले. "वय आहे. ते बंद झालं की शरीरात बदल होतात, हाड जरा..."

"ते म्हणजे काय?"

"ते म्हणजे... तुमचं ते. महिन्याचं."

"महिन्याचा पगार?"

"ताई!"

"पाळी म्हणा. दोन अक्षरं आहेत. दिवसभर एवढाली दातांची लॅटिन नावं घेता, तेव्हा जीभ नाही अडखळत."

बाहेरच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. डॉक्टरांनी पायाने दार लोटलं आणि आवाज उतरवला.

"हे बघा. हाड म्हणजे काही दगड नाही. ते सारखं पाडलं जातं आणि सारखं बांधलं जातं. शरीरात इस्ट्रोजेन असतं तोवर पाडणाऱ्यांवर मुकादम असतो. पाळी..." त्यांनी दाराकडे पाहिलं, "...गेली की मुकादम जातो. पाडणारे सुटतात, बांधणारे मागे पडतात. स्क्रूला हाडाने आवळून धरायला हवं होतं. नाही धरलं."

"मुकादम तीन वर्षांपूर्वी गेला. स्क्रू तुम्ही चार महिन्यांपूर्वी बसवलात. मधे विचारलंत कधी?"

डॉक्टरांनी आता कुठे आरसा खाली ठेवला.

"केसपेपर मला पाठ आहे. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, दारू, रक्त पातळ करायच्या गोळ्या. दारू पिता का, हे तर मला अगदी हसत हसत विचारलंत. पाळीचा रकाना कुठाय त्यात?"

"तसा रकाना नसतो, ताई."

"बघा! बसवताना आठवली नाही, फसल्यावर बरी आठवली."

"म्हणून तर ठरवलंय मी," डॉक्टर म्हणाले, आणि इथे त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. दाढ काढायच्या आधी होतो तसा. "ह्यापुढे पन्नाशी उलटलेल्या बायकांना स्क्रू नाही. तारांची कवळी द्यायची, नाहीतर ब्रिज. उगाच कशाला त्यांना त्रास?"

बाई ताडकन उठून बसल्या. दिवा कपाळाला लागला.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. तुमचं झालं ते बघून सांगतोय. तुमच्यासारखी काटक बाई, तिचंही हाड धरत नाही म्हटल्यावर..."

इथे बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आणि मिटलं. रुमाल ओढून काढला, चुरगळून ताटलीत टाकला, आणि जिना चढून वर गेल्या.

डॉक्टरांना वाटलं, दुखलं असेल. दुखलं नव्हतं. बाईंकडे एक गोष्ट होती आणि ती सांगायची की नाही, हे ठरत नव्हतं.

वर म्हणजे दवाखान्याच्या डोक्यावरची खोली. तिथे दात तयार होतात. एक लांबलचक टेबल, त्यावर गॅसची बारकी ज्योत, मेणाच्या सुऱ्या, प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलने आकडा. कोपऱ्यात चिनीमातीची भट्टी. खिडकीशी एक स्टूल, कारण दाताचा रंग दिव्याखाली कधी ठरवायचा नसतो, उन्हातच ठरवायचा. सव्वीस वर्षं बाई त्या स्टुलावर बसत आल्या होत्या. ह्या भागातली निम्मी माणसं त्यांनी केलेल्या दातांनी चावत होती, हसत होती आणि एकमेकांना शिव्या देत होती. सगळे त्यांना बत्तिशीबाई म्हणत. तोंडावरसुद्धा.

आल्या होत्या त्या भांडी घासायला. प्लास्टर कालवायच्या रबरी वाट्या, मेण चिकटलेले साचे, असलं सगळं. तेव्हाचा म्हातारा कारागीर कुणाला जवळ फिरकू देत नसे. "बायकांच्या हाताला दात वळत नाही," हे त्याचं ठरलेलं. बाईंनी महिनाभर घासता घासता त्याच्या हाताकडे पाहिलं. मग एक दिवस धुण्याच्या साबणाच्या वडीतून दाढ कोरली, चार उंचवटे, मधल्या खाचा, सगळं जिथल्या तिथे, आणि त्याच्या टेबलावर बाकीच्या दाढांत ठेवून दिली. म्हाताऱ्याने ती उचलली, फिरवली, मान हलवली, "ही कुणाची? झकास उतरलीय," म्हणाला, आणि ओल्या ब्रशने पुसायला घेतली. फेस आला.

पुढचा पूर्ण आठवडा तो बोलला नाही. मग मेणाची सुरी पुढे सरकवून म्हणाला, "साबण महाग आहे. ह्याच्यात कोर."

तर अशा बाईंची स्वतःची दाढ गेल्या वर्षी उभी चिरली आणि काढावी लागली. ब्रिज करायचा तर बाजूचे दोन धडधाकट दात तासावे लागले असते. "शेजाऱ्याच्या भिंती पाडून मी माझं घर नाही बांधत," बाई म्हणाल्या आणि इम्प्लांट घ्यायचं ठरवलं. डॉक्टरांनी हाडात स्क्रू बसवला, वर धातूचं छोटं झाकण लावलं. त्याच दिवशी माप घेऊन ठेवलं, पुढे कॅप करायला. आणि बजावलं, "तीन महिने त्यावर काही नाही. हाड धरू द्या."

बाईंना हे सांगायची गरज नव्हती. शंभरदा त्यांनीच लोकांना सांगितलं होतं.

पण माप वर आलं होतं. त्यात प्लास्टर ओतून जबडा तयार झाला होता. आणि तो जबडा इतर जबड्यांसारखा नव्हता, स्वतःचा होता. सातव्या आठवड्यात हातातलं काम लवकर संपलं, ऊन चांगलं होतं, आणि बाईंनी आपलीच दाढ करायला घेतली. केली. अशी की प्लास्टरच्या जबड्यावर ठेवली तर सांधा दिसेना.

मग एक विचार आला, आणि तो दुसऱ्या कुणाला आला नसता. सव्वीस वर्षांत हजारो दात हातून गेले. आपण केलेला दात चावताना कसा लागतो, हे आपल्याला माहीतच नाही. प्लास्टर कुरकुरत नाही, प्लास्टरला चव नाही. पेशंट फार तर "बरा आहे" म्हणतो. बरा म्हणजे कसा?

टेबलाच्या खणात एवढासा पेचकस असतो, झाकण उघडायचा. आरसा होता. बाईंनी झाकण काढलं, दाढ बसवली, पेच आवळला. फक्त बघायला.

आणि चावली.

ते काय होतं, हे सांगायला बाईंकडे पुढेही शब्द नव्हते. घरी जाऊन त्यांनी गाजर खाल्लं. दुसऱ्या दिवशी भाजलेले शेंगदाणे. तिसऱ्या दिवशी पावाची कडक कड. "उद्या काढते," असं रोज म्हणत नऊ दिवस गेले. नवव्या दिवशी दाढ जिभेला किंचित हलल्यासारखी वाटली. बाईंनी ती काढली, झाकण परत लावलं, दाढ खणात टाकली आणि खणाला कुलूप घातलं. कच्च्या हाडातला स्क्रू हलला की भोवती हाड न भरता मऊ मांसच भरतं, हे त्यांना डॉक्टरांइतकंच ठाऊक होतं. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत.

आणि आज डॉक्टरांनी आयती सुटका हातात ठेवली होती. वय. हॉर्मोन. कुणाचाच दोष नाही.

संध्याकाळी घरी नवऱ्याने तेच केलं. नवरा छापखान्यात कागद कापायचा. स्वभावही तसाच, काटकोनात.

"वय कुणाला चुकलंय का? मला नाही का चष्मा लागला? तू मनाला लावून घेऊ नकोस."

"तुमच्या चष्म्यामुळे गल्लीतल्या सगळ्या पुरुषांचे डोळे कुणी बाद ठरवले का?"

"आता ह्यात गल्ली कुठून आली?"

उत्तर द्यायच्या आत थोरल्या जाऊबाई दारात. त्या बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करत. तीस वर्षं आख्खं स्थानक त्यांच्या आवाजावर उभं राहत आणि धावत होतं. दोन वर्षांपूर्वी पायरीवरून पडून वरचा पुढचा दात गेला, आणि तारांची कवळी आली. तेव्हापासून प्रत्येक 'स'ला शिट्टी. माइकवर तर विचारूच नका. 'सातची गाडी सहा नंबरवर' म्हटलं की ड्रायव्हर मागून शिट्ट्या मारून दाद देत. येत्या गुरुवारी त्यांना स्क्रू बसणार होता.

"बसतेय कसली!" खुर्ची पुढे केलेली बघून त्या कडाडल्या. "तुमच्या त्या डॉक्टरचा फोन आला. गुरुवार रद्द. म्हणे, तुमच्या वयात हाड धरत नाही. म्हणे, आमच्या ताईंचंच राहिलं नाही, तुमचं काय राहणार!"

"माझं नाव घेतलं?"

"तुझंच तर घेतलं! अगं, तुझा स्क्रू पडला म्हणून माझा का बसत नाही? तू कोण, माझ्या हाडांची वकील?"

"वहिनी, तिचा काय दोष त्यात," नवरा म्हणाला. "शरीराचंच आहे ते."

"शरीर माझं वेगळं, हिचं वेगळं. एका घरात दिल्या म्हणून काय एकाच साच्यातून काढल्यात?" जाऊबाईंनी तोंडात बोट घालून कवळी काढली आणि टेबलावरच्या बशीत ठेवली. पुढचं खिंडार तसंच उघडं ठेवून म्हणाल्या, "निवृत्त व्हायला दोन वर्षं राहिलीत. मला शेवटची गाडी माझ्या आवाजात सोडायचीय. शिट्टीत नाही. एवढंच होतं माझं मागणं."

बशीतल्या कवळीच्या तारा चमकत होत्या. ती बाईंनीच केली होती. कामात खोट नव्हती. खोट दुसरीकडेच होती, आणि ती घरात एकट्या बाईंना माहीत होती.

"जाऊबाई, उद्या अकराच्या सुमारास फोन जवळ ठेवा," बाई म्हणाल्या.

"का?"

"ठेवा म्हणते ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर टेबलाशी बसून फसलेल्या केसचा कागद भरत होते. दवाखान्याचा नियम होता. स्क्रू पडला की कारण लिहायचं; ती फाइल पुढे बाहेरचे लोक तपासत. बाईंनी उलट्या बाजूने वाचलं. "वय ५३. रजोनिवृत्तीमुळे हाड धरले नाही."

"लिहिताना बरा धीट शब्द सुचतो," बाई म्हणाल्या. "खोडा तो."

"ताई, सकाळी सकाळी नको."

बाईंनी मुठीतली दाढ कागदावर ठेवली. पांढरी, देखणी, चार उंचवट्यांची. डॉक्टरांनी ती उचलली, खालून बघितली. त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. चावणाऱ्या बाजूला बारीक ओरखडे होते. वापरलेल्या दाताला असतात तसे.

"ही कधी घातलीत?"

"सातव्या आठवड्यात."

"किती वेळ?"

"नऊ दिवस."

"नऊ...?" डॉक्टर उठले. खुर्ची मागे भिंतीवर आदळली. "अहो, तुम्ही? तुम्ही! अडाणी पेशंटने केलं असतं तर समजलो असतो! कशासाठी?"

"चावून बघायचं होतं."

"काय?"

"माझा दात. कसा लागतो ते."

डॉक्टर खिडकीपर्यंत गेले, परत आले. "आणि काल मी तासभर तुम्हाला समजावतोय, हॉर्मोन, इस्ट्रोजेन, मुकादम. तुम्ही माझ्याशी रकान्यावरून भांडताय! हे पोटात ठेवून?"

"रकान्याचं भांडण खरंच होतं. हेही खरंय. एकाने दुसरं खोटं होत नाही."

"मग आता कारण काय लिहू? तुमचे नऊ दिवस? की इस्ट्रोजेन? की दोन्ही?"

"सांगा ना. तुम्ही डॉक्टर."

"मला कसं कळणार!"

"हां," बाई म्हणाल्या. "हे काल म्हणाला असतात तर मी खुर्चीतून उठलेच नसते. काल तुम्हाला सगळं कळत होतं."

डॉक्टर खाली बसले. थोडा वेळ दाढ बोटांत फिरवत राहिले. मग जरा चिडूनच, पण खरं बोलल्यासारखं बोलले. अभ्यास आहेत. उंदरांच्या माद्यांचे बीजांडकोश काढले की त्यांच्यात स्क्रूभोवतालचं हाड विरळ पडलेलं दिसतं. बायकांत मात्र चित्र तितकं साफ नाही. कुठे थोडा फरक दिसला, कुठे दिसलाच नाही. पाळी गेली म्हणून इम्प्लांट करूच नये, असं काही कुणी सांगितलेलं नाही.

"त्या उंदरांनी निदान स्वतः दात करून बसवला नव्हता," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांना हसू आलं. त्यांनी ते दाबलं.

"आणि पुरुषांचं काय? त्यांचं हॉर्मोन जन्मभर भरतीवरच?"

"उतरतं. हळूहळू. त्याचाही हाडाशी संबंध असतो."

"त्या पासष्टीच्या ठेकेदाराला चार स्क्रू बसवलेत. ओठांत विडी असताना. त्याला विचारलंत, 'काका, तुमचं उतरलं का?'"

"ताई, बास."

"त्याचा एक पडला तेव्हा साठीपुढचे सगळे पुरुष बाद नाही केलेत. विडी बाद केलीत. माझा पडला तर बायकाच बाद." बाईंनी पेन पुढे सरकवलं. "माझ्या चुकीवर माझ्या पाळीचं पांघरूण नको मला. हाताची चूक आहे, हाताच्याच नावावर लिहा."

"लिहिलं तर वरच्या खोलीतलं काम जाईल तुमचं, कळतंय का?" डॉक्टरांचा आवाज खाली आला. "दात करणाऱ्याने तोंडात पेच फिरवायचा नाही. हा नियम माझा नाही, सगळीकडचा आहे. मी वय लिहितो. कुणाला काही कळणार नाही. ही दाढ तुम्ही घेऊन जा, मी पाहिलीच नाही."

चांगलं माणूस होतं ते. म्हणूनच अवघड होतं. बाईंनी क्षणभर वर पाहिलं. वर छताच्या पलीकडे स्टूल होतं, ऊन होतं, पेन्सिलीने आकडे घातलेले जबडे होते. मग त्यांनी स्वतःच पेन उचललं. 'वय ५३' ठेवलं. पुढचं आडव्या रेघेने खोडलं आणि आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: हाड धरण्याआधी रुग्णाने स्वतः दात बसवला, नऊ दिवस वापरला. खाली सही.

"आता फोन लावा," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"थोरल्या जाऊबाईंना. गुरुवार परत द्या. आणि जे मला विचारायला हवं होतं ते त्यांना विचारा."

"तुम्हीच विचारून सांगा ना."

"मी दात करते. केसपेपर तुम्ही भरता."

डॉक्टरांनी फोन लावला. बसस्थानकाचा सगळा गलका त्यातून खोलीत आला. त्यांनी घसा खाकरला. एकदा. पुन्हा एकदा.

"नमस्कार. गुरुवारचं... आधी एक माहिती हवी होती. तुमची... पाळी कधी गेली?"

पलीकडून तो आवाज आला. तीस वर्षं छपरं हलवणारा. फोन कानापासून हातभर लांब धरावा लागला.

"पाळी ना? एक्कावन्नाव्या वर्षी! पाच वर्षं झाली, सुटले एकदाची! का हो, उशिरा का होईना चौकशी केलीत? ए बाबा, ती बॅग उचल, गाडी निघाली! हां, बोला डॉक्टर!"

बाकावरची माणसं आता उघडपणे हसत होती. डॉक्टर कानापर्यंत लाल. पण लिहीत होते. केसपेपरच्या समासात, तंबाखूच्या खाली, त्यांनी नवी रेघ ओढली होती. त्यांनी विचारलं, कधी हाड मोडलंय का, हॉर्मोनच्या गोळ्या चालू आहेत का. हाडाची तपासणी आणि रक्तातलं ड जीवनसत्त्व बघून मग गुरुवार पक्का, असं सांगितलं. तीन महिन्यांऐवजी पाच महिने थांबावं लागेल, असंही सांगितलं.

"पाच काय, सहा थांबते!" पलीकडून शिट्टी वाजली. "मी काही धाकटीसारखी उतावळी नाही!"

डॉक्टरांनी झटकन बाईंकडे पाहिलं. बाईंनी कपाळाला हात लावला. जाऊबाईंना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांना धाकटी जाऊ ठाऊक होती, तेवढं पुरेसं होतं.

फोन ठेवला. सकाळच्या पहिल्या पेशंटचं माप, गुलाबी लगद्यात उमटलेले कुणाचे तरी वरचे दात, ओल्या रुमालात गुंडाळून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलेलं होतं. असं माप फार वेळ ठेवत नाहीत. सुकलं की आक्रसतं, आणि आक्रसलेल्या मापावर केलेला दात कुणाच्याच तोंडात बसत नाही.

"त्यांचं झालं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी बाईंनी लिहिलेला कागद हातात धरला होता. फायलीत घालत नव्हते, फाडतही नव्हते. "तुमचं अजून व्हायचंय. तुम्हाला दुसरा स्क्रू हवाय, हे मला माहितेय."

"हवाय."

"मग मला एक सांगा, ताई. उद्या तुमच्या जबड्यात पुन्हा स्क्रू बसवला, आणि वरच्या खणाची किल्ली तुमच्याकडेच राहिली, तर मी कुठल्या भरवशावर तुमच्यावर विश्वास ठेवू? आणि नाही ठेवला, तर तुम्ही केलेले दात लोकांच्या तोंडात कुठल्या तोंडाने बसवू? बोला ना. काल तर तोंड मिटत नव्हतं."

बाईंनी ओल्या रुमालाला बोट लावून पाहिलं. कडा सुकायला लागल्या होत्या. "आधी हे ओतते," म्हणत त्यांनी माप दोन्ही हातांत उचललं, कोपराने दार ढकललं, आणि जिन्याकडे चालू लागल्या.